ओठाची शिस्त

२ ऑक्टोबर, सकाळ

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पुन्हा फोड. यंदाचा कितवा, हे मोजणं सोडलं आहे. पाण्याने भरलेले बारीक दाणे, एकमेकांना चिकटून, कसेही उभे. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, गावातली दोन पिढ्यांची पोरं सरळ रेषेत उभी केली, आणि माझाच ओठ माझं ऐकत नाही.

बायकोचं, नुहादचं, म्हणणं असं की माणसाला कसली तरी भीती बसली की ती अशी ओठावर फुटते. मी विचारलं, मी कोणाला भितो ते सांग. ती म्हणाली, नावं सांगू की लिहून देऊ?

उत्तर दिलं नाही. बोलताना फोड ताणला जातो.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ

रुवैदाचा दोहाहून फोन! पोरगी बाळंतपणाला इकडे येते आहे. बाळ झाल्यावरचे चाळीस दिवस आपल्याच घरी राहणार, सासरी नाही. जावयाच्या आईबापांनी खालच्या गावात खोली रंगवून ठेवली होती म्हणे. व्याही वजीह यांनी तर पाळणाही आणला होता. बसा म्हणावं आता रिकामा पाळणा हलवत.

एक अट मात्र घातली तिने. तिकडच्या डॉक्टरने तिला सांगितलं आहे की हा ओठावरचा फोड मोठ्या माणसाला नुसता त्रास, पण नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. एक पापासुद्धा पुरतो. तेव्हा मी डॉक्टरकडे जायचं, तो देईल ती गोळी रोज घ्यायची, आणि काय असेल ते तिला खरं सांगायचं. नाहीतर, बाबा, मी सरळ वाइलच्या आईकडे उतरेन, असं म्हणाली. वाइल म्हणजे जावई.

मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर नुहाद एवढंच म्हणाली, तुझा शब्द? आणि कांदा चिरायला आत गेली.

४ ऑक्टोबर

डॉक्टर रमझीकडे जाऊन आलो. माझाच विद्यार्थी. धावण्याच्या शर्यतीत कायम शेवटचा यायचा आणि वर हसायचा. आज मला समोर स्टुलावर बसवून टॉर्चने ओठ बघत होता. काळ कोणाला कुठे बसवेल सांगता येत नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात: हा विषाणू एकदा शिरला की जात नाही. चेहऱ्याच्या नसांमध्ये झोपून राहतो. ऊन, ताप, दगदग, काळजी, असं काही झालं की उठतो. गोळीने तो मरत नाही, पण सहसा उठत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, रोज, बाळ जरा मोठं होईपर्यंत खंड नाही. मत्ते म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, तो पिताना आपली नळी वेगळी. उन्हात जाताना ओठांना लावायची एक कांडी. आणि एवढं करूनही फोड येऊ शकतो, उस्ताज, असं तो म्हणाला. (उस्ताज म्हणजे मास्तर; गावात मला सगळेच तसं म्हणतात.) ओठ चुरचुरायला लागला की ताबडतोब मला सांगा, घरात सांगा, आणि खपली पडेपर्यंत बाळापासून लांब राहा.

मी विचारलं, घेऊनही येणार असेल तर घ्यायची कशाला? तो म्हणाला, छत्री असूनही पाय भिजतात, म्हणून कोणी छत्री फेकून देत नाही.

उत्तर बरं होतं. पण धावता येत नव्हतं, हेही खरं.

निघताना त्याच्या भिंतीवरच्या आरशात पाहिलं. रुवैदाच्या लग्नातसुद्धा हाच फोड होता. सगळ्या फोटोंत मी हनुवटीला हात लावून, बोटं ओठांवर ठेवून उभा आहे. लोकांना वाटतं, मुलगी जाणार म्हणून बाप गंभीर झाला आहे.

६ ऑक्टोबर

टाइमटेबल तयार. लाल शाईने लिहून फ्रिजवर लावलं. सहाला उठणे, व्यायाम, गोळी. संध्याकाळी फेरफटका, गोळी. गोळीच्या वेळी शाळेतली शिट्टी वाजवायची असं ठरवलं, कारण शिट्टीशिवाय शरीराला वळण लागत नाही. दोनदा वाजवली. नुहादने शिट्टी जप्त केली. म्हणाली, एवढीशी गोळी गिळतोस, गावाला कशाला उठवतोस?

कांडी घेतली नाही. लिपस्टिकसारखी दिसते. भर उन्हात मैदानावर उभा राहिलेला माणूस मी. ऊन माझं काय वाकडं करणार?

१० ऑक्टोबर

अबू गालिबकडे स्वतःची नळी घेऊन गेलो. शेजारी, आणि पोरपणापासूनचा मित्र. रोज त्याच्या व्हरांड्यात चार-पाच जण जमतो. मत्तेचा पेला एक, नळी एक. अबू गालिब पाल्यावर गरम पाणी ओततो, आपण ओढून संपवायचं, पेला परत द्यायचा, तो नळीच्या टोकावर लिंबाची साल फिरवतो आणि पुढच्याच्या हातात देतो. आजोबांच्या काळापासून असंच.

माझी पाळी आली तशी मी खिशातून नळी काढली. अबू गालिबने विचारलं, काय रे उस्ताज, आमच्या तोंडात किडे पडलेत का? दुसऱ्याने विचारलं, चमचा आणि उशीपण आणलीस का घरून? अबू गालिबची बायको आतून ओरडली, असू दे हो, मुलगी आखातात असते, आता आपली नळी कशी चालेल!

नळी खिशात परत. पुढच्या सगळ्या फेऱ्या त्यांच्याच नळीने. तिच्याआड खपली दिसत होती की नाही, माहीत नाही.

पण घरी येताना शांतपणे विचार केला. लिंबाची साल आहेच की. लिंबाने तांब्याची भांडी लखलखतात, तिथे विषाणूची काय कथा! शिवाय औषध घेणारा मी आहे. धोका असलाच तर त्यांच्याकडून मला.

उद्यापासून मात्र वेगळी नळी. नक्की.

१५ ऑक्टोबर

खपली पडली. ओठ कोरा करकरीत. नुहाद म्हणाली, गोळीने गुण दिला हो. गोळीने? सहाला उठतो कोण? व्यायाम करतो कोण? (आज सव्वाआठला उठलो, पण ते पावसामुळे.)

इतका चांगला परिणाम पाहता एक निर्णय घेतला: आजपासून दिवसाला एकच गोळी. शरीराला परावलंबी करणं बरं नाही. रमझीला विचारायची गरज नाही. शरीर माझं आहे आणि शरीरशास्त्र मीच शिकवलं आहे, सहावी ते आठवी.

मिशी वाढवायला सुरुवात केली. आजोबा आजोबांसारखे दिसावेत म्हणून. फोडाशी तिचा काहीही संबंध नाही.

२१ ऑक्टोबर

ऑलिव्हची तोडणी संपली. चार दिवस शिडीवर. डोक्यावर ऊन, पाठ मोडली, पण तेल यंदा हिरवंगार, घशाला झोंबणारं. रुवैदासाठी दोन डबे वेगळे काढून ठेवले.

गोळ्या चार दिवस घेतल्या नाहीत. स्ट्रिप दुसऱ्या कोटात राहिली होती. याला विसरणं म्हणत नाहीत. खेळाडूंनासुद्धा मधून मधून विश्रांतीचे दिवस देतात. ओठ ठणठणीत आहे. म्हणजे माझं बरोबर होतं.

सोमवारपासून पुन्हा रोज.

२३ ऑक्टोबर

मोठा शोध लागला! अबू गालिबच्या वरच्या ओठावर फोड. भला मोठा, दोन्ही बाजूंना. आयुष्यात पहिल्यांदाच आला म्हणे. तापही आहे. व्हरांड्यात चादर घेऊन बसला होता.

म्हणजे इतकी वर्षं हे मला कुठून येत होतं ते आज कळलं. याच्यात दबून बसलं होतं, नळीतून माझ्याकडे येत होतं, आणि आता स्वतःवरच उलटलं. मी काही बोललो नाही. आजारी माणसाला दोष देणं माझ्या स्वभावात नाही.

उलट, घरी येऊन गोळ्यांची एक अख्खी न उघडलेली स्ट्रिप नेऊन दिली. कशी घ्यायची ते समजावलं. सकाळ-संध्याकाळ, खंड नाही, भरपूर पाणी. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, देव तुझ्या हातांना बरकत देवो. फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर रमझीपेक्षा मी चांगलं समजावतो.

२७ ऑक्टोबर

रुवैदा आली!

विमानतळावर केवढं पोट घेऊन चालत आली. वाकून मला मिठी मारता येईना, मग आडवी मारली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आधी ओठ पाहिले. स्वच्छ. म्हणाली, शाब्बास बाबा. मी म्हणालो, तू नुसती बघत राहा, बाबा. (लहानपणापासून मी तिला बाबाच म्हणतो. आमच्याकडे सगळेच बाप आपल्या लेकरांना तसंच म्हणतात.)

घरी आल्या आल्या स्ट्रिप मागितली. ही मागणार हे मला ठाऊक होतं, म्हणून सकाळीच तयारी केली होती. उरलेल्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून कोटाच्या खिशात टाकल्या. यात फसवणूक नाही. गोळी स्ट्रिपमधून बाहेर काढणं हा औषध घेण्याचा पहिला भाग, तो झाला. दुसरा भाग सवडीने करता येईल.

तिने रिकामी स्ट्रिप उजेडात धरली. एकेक खळगा बोटाने चाचपला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, बाबा, तू खरंच घेतोस. मला वाटलं होतं, तू नुसतं हो हो म्हणशील. तिचे डोळे भरून आले. माझेही आले.

खिशातल्या गोळ्या उद्यापासून घेणार. सगळ्या.

९ नोव्हेंबर

घरात आता प्रत्येकाची नळी वेगळी. रुवैदाने पाच नळ्या आणल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची रिंग. माझी निळी. शेजारणी येतात तेव्हा मी त्यांना समजावून सांगतो की आरोग्याच्या दृष्टीने हे किती आवश्यक आहे. त्या माना डोलावतात. मग मी अबू गालिबकडे जातो आणि तिथे त्यांची नळी ओढतो. घरचे नियम घरी, चारचौघांत चारचौघांसारखं.

रस्त्यात रमझी भेटला. म्हणाला, उस्ताज, गोळ्या संपल्या असतील, नवीन चिठ्ठी घेऊन जा. मी म्हणालो, शिल्लक आहेत. तो म्हणाला, शिल्लक कशा राहिल्या? मी म्हणालो, शिस्त. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. अशीच नजर त्याची शर्यतीच्या शेवटी असायची.

२२ नोव्हेंबर

मुलगी! सेरीन!

पहाटेपासून हॉस्पिटलच्या बाकावर. नुहाद आत, वाइल दोहाहून निघालेला, वजीह आणि त्यांची बायको समोरच्या बाकावर. दुपारी काचेतून दाखवली. लालबुंद, मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या. कोणावर तरी चिडलेली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वजीहनीही लपवलं नाही. आम्ही दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. नंतर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

तिचं कपाळ अगदी पापा घेण्यासारखं आहे. आज नाही. डॉक्टरच्या नियमाप्रमाणे. पण लवकरच.

आजपासून दोन्ही वेळा गोळी. आता गंमत नाही.

२४ नोव्हेंबर

तीन दिवस धड झोप नाही. संध्याकाळी डावा कोपरा चुरचुरू लागला. दुपारच्या लोणच्यात मिरची होती. तिचंच असणार.

तरी खबरदारी म्हणून कोटातल्या गोळ्या घ्यायला गेलो. कोट दोरीवर. नुहादने धुतला, पाहुणे येणार म्हणून. खिशात हात घातला तर नुसता पांढरा लगदा. नुहाद पाठीमागून म्हणाली, खिशात खडू घेऊन फिरतोस का अजून? मी हो म्हणालो.

न उघडलेली स्ट्रिप अबू गालिबकडे गेली. गावातल्या औषधाच्या दुकानात रुवैदाची वर्गमैत्रीण बसते, दहा मिनिटांत रुवैदाला फोन जाईल. रमझीला सांगावं तर तो विचारणार, शिल्लक होत्या ना?

रुवैदाला सांगावं का? उद्या ती बाळाला घेऊन घरी येणार. आजच कशाला तिचा जीव घाबरा करायचा? मिरचीच आहे.

लिंबाची साल चोळली. फार झोंबलं. म्हणजे काम करते आहे.

२५ नोव्हेंबर

मिरची नव्हती.

पण फोड बारीक आहे, आणि मिशी आता भरपूर वाढली आहे. खाली विंचरली की काही दिसत नाही. आरशात तीन कोनांतून पाहिलं. भारदस्त दिसतो.

दुपारी सेरीन घरी आली. मी दारापासून जरा लांब उभा राहिलो. रुवैदा म्हणाली, बाबा, ये ना जवळ. मी म्हणालो, हात धुतले नाहीत. धुवून आलो, मग म्हणालो, हात गार आहेत. तिला कौतुक वाटलं. आईला म्हणाली, बघ, किती काळजी घेतो.

पापा घेणार नाही. मी काही राक्षस नाही. खपली पडेपर्यंत दहा दिवस कसेही काढेन. फक्त हे कोणाला कळायची गरज नाही.

२६ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवतो, कारण लोक उद्या काहीही सांगतील.

सकाळी रुवैदा अंघोळीला गेली होती, नुहाद स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी मुगली ढवळत होती. बाळ झालं की आमच्याकडे ही तांदळाच्या पिठाची खीर घरोघरी होते, तिचा मसाल्याचा वास सगळीकडे भरला होता. सेरीन माझ्यासमोर एकटी. पाय हलवत होती. एका पायाचा पापा घेतला. पायाचा म्हणजे मोज्याचा. मोजा लोकरीचा आणि जाड होता.

अकरापासून पाहुणे. व्याही-विहीण आले, जावई आला, शेजार आला. खिरीचे वाडगे फिरले, वर बदाम-अक्रोड. कोणीतरी म्हणालं, आजोबांच्या मांडीवर द्या हो. रुवैदाने दिली. मी मान शक्य तितकी मागे घेऊन बसलो. वजीह म्हणाले, उस्ताज, मूल आहे, बॉम्ब नाही.

तेवढ्यात अबू गालिब आला. ओठ बरा झालेला, गुळगुळीत. दारातूनच हात पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, या माणसाने मला वाचवलं! माझ्या ओठाचं सुजून वांगं झालं होतं. याने स्वतःच्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप मला दिली, स्वतःचं औषध तोडून! असा शेजारी कोणाला मिळतो?

सगळे वाहवा म्हणाले. रुवैदा म्हणाली नाही. तिने आपल्या या काकाला विचारलं, कधी दिली, अम्मो? तो म्हणाला, तू यायच्या आधी. हसत हसत म्हणाला, नळी एकच असते ना आमची, रोग एकाचा की सगळ्यांचा.

मग नुहाद, माझी सख्खी बायको, वाडगा खाली ठेवून म्हणाली, म्हणजे कोटाच्या खिशातला तो पांढरा लगदा खडूचा नव्हता?

रुवैदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, बाबा, मिशी वर कर.

तीस वर्षं पोरांना हुकूम सोडले. पाय जुळव, छाती पुढे, नजर समोर. हुकूम पाळताना कोणाचा इतका अपमान होत असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी मिशी वर केली.

तिने माझ्या मांडीवरून बाळ उचललं. विचारलं, पापा घेतलास? मी नाही म्हणालो. मग म्हणालो, मोज्याचा. वाइलने न विचारता गाडीची किल्ली काढली. वजीहनी बॅग उचलली. पाळण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

दारात मी तिला म्हणालो, बाबा, फोड येणं माझ्या हातात आहे का? रमझीच म्हणाला होता, गोळ्या घेऊनही येतो. ती म्हणाली, मला माहीत आहे. म्हणून तर सांग म्हटलं होतं. सांगितलं असतंस तर तू आठ-दहा दिवस पलीकडच्या खोलीत झोपला असतास आणि मी इथेच राहिले असते.

एवढंच. मला वाटलं होतं, ओरडेल.

२७ नोव्हेंबर

सेरीनला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं आहे. तपासणीसाठी. टाचेतून रक्त काढलं. नुहाद तिथेच आहे, तिने फोनवर सांगितलं, फार रडली. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, दोघीही. आणि फोन ठेवला.

मी येऊ का, असं विचारायचं होतं.

रमझीकडे गेलो. त्याने चिठ्ठी लिहून दिली. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी त्याला त्याच्या शर्यतींची आठवण करून दिली असती.

संध्याकाळी गोळी घेतली. काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही, पण गोळी घेतली.

३० नोव्हेंबर

तपासण्यांत काही निघालं नाही! बाळ ठणठणीत. हॉस्पिटलमधून थेट खालच्या गावात, वजीहकडे.

म्हणजे मोज्याबद्दल माझं म्हणणं बरोबर ठरलं. नुहादला तसं म्हणालो. ती दोन दिवसांचे कपडे न्यायला आली होती. तिने पिशवीत चार दिवसांचे भरले.

१२ डिसेंबर

खपली केव्हाच पडली. ओठ स्वच्छ. गोळी सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकलेली नाही. कांडीसुद्धा घेतली, लावतो. बर्फ पडलं आहे, ऊन नावालाही नाही, तरी लावतो.

वजीहकडे जायचं तर बोलावणं हवं. आलं नाही. नुहाद तिकडे जास्त, इकडे कमी. फोनवर सेरीनचा फोटो येतो, रोज नाही.

अबू गालिबकडे गेलो. व्हरांड्यात बघतो तर प्रत्येकाच्या हातात आपापला पेला, आपापली नळी. गावभर तेच झालं आहे म्हणे. म्हणजे सुधारणा शेवटी माझ्यामुळेच झाली. मी तसं बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. माझ्यासाठी पेला नव्हता. अबू गालिब म्हणाला, घरून आणायला हवा होतास.

२३ डिसेंबर

रुवैदाला फोन केला. तिने उचलला. बाळ कसं आहे, बरं आहे. दूध पितं, पितं. झोपतं, झोपतं. मग मी म्हणालो, तेल पाठवलं होतं, मिळालं का? म्हणाली, मिळालं, छान आहे. मागे वजीह गाणं म्हणत होते. फार बेसूर. पोरगी मात्र रडत नव्हती.

माफी मागणार होतो. पण फोनवर अशा गोष्टी बरोबर वाटत नाहीत. समोरासमोर मागेन. त्या आधी महिनाभराची शिस्त दाखवेन, मग आपोआप सगळं सुरळीत होईल. माणूस बोलून नाही, करून दाखवतो.

४ जानेवारी

चाळीस दिवस संपले. आज रुवैदा दोहाला परत. जाताना वर आली, निरोप घ्यायला. सेरीनला घेऊन.

मी मिशी काढून टाकली होती. काही झाकायचं नाही, हे दिसावं म्हणून. रमझीला विचारून ठेवलं होतं, तो म्हणाला, ओठ स्वच्छ आहे, गोळ्या चालू आहेत, बाळ मोठं झालं, आता कपाळावर हरकत नाही. माफीची दोन वाक्यं पाठ केली होती.

रुवैदाने बाळ माझ्या हातात दिलं. जड झाली आहे. डोळे उघडे, नुहादचे डोळे, सगळं बघून ठेवणारे. ती माझ्याकडे बघत होती आणि मला दोन्ही वाक्यं आठवेनात. मी एवढंच म्हणालो, बाबा, त्या दिवसापासून एकही गोळी चुकवलेली नाही. खरंच. एकदा, कपाळावर? आणि खिशातून स्ट्रिप काढून पुढे केली, रिकामी, सगळे खळगे फुटलेले. या वेळी त्या सगळ्या माझ्या पोटात गेल्या होत्या.

तिने स्ट्रिप हातात घेतली नाही. हळू आवाजात म्हणाली, रिकामी स्ट्रिप मी आधीही पाहिली आहे, बाबा. मग सेरीनची टोपी कपाळावरून खाली ओढली, अगदी भुवयांपर्यंत. बाहेर थंडी होती, म्हणून असेल.

गाडी वळणावरून खाली उतरली. नुहाद बराच वेळ दारात उभी होती, मग आत गेली. मी संध्याकाळची गोळी वेळेवर घेतली.